आजी बांबूपाशी आली तो दिवस

चि. आकाश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, आजी माझ्यावर शेवटपर्यंत नाराज होती का?" मी म्हणाले, आवाज कट होतोय, नंतर बोलू. आवाज काही कट होत नव्हता. मला उत्तर सुचेना म्हणून फोन ठेवला. तसंही फोनवर धड बोलणं होत नाही, मध्येच तुझे पप्पा विचारतात, पोराचा पगार झाला का. म्हणून लिहायला बसले. नववीपर्यंत शिकलेय, अक्षराला हसू नकोस.

तू पुण्यात कुठलाही फॉर्म भरताना पत्ता "सोलापूर" लिहितोस. लिही की, कुंभारी तिथं कुणाला माहीत असणार! आपण स्वतःला सोलापूरकरच समजत आलो. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, गोदूताई परुळेकर वसाहतीची घरं त्यांच्या हस्ते मिळाली. दहा हजार घरं, विडी वळणाऱ्या बायकांची. तू दोन वर्षांचा होतास, नव्या फरशीवर घसरून पडलास आणि हनुवटी फोडून घेतलीस. घर आलं दक्षिण सोलापूर तालुक्यात, कारखाना राहिला शहरात. सकाळी वळलेल्या विड्या घेऊन जायचं, येताना पान, तंबाखू, सूत घेऊन यायचं. महापालिकेची हद्द रस्त्यात नेमकी कुठं संपते ते आम्हा बायकांना ठाऊक नव्हतं. नळाला पाणी आलं नाही की तेवढं कळायचं, कारण तेव्हा गाववाले म्हणायचे महापालिकेला विचारा आणि महापालिकावाले म्हणायचे गावाला विचारा.

मग २०२० आलं. तुझी दहावी. भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला, नंतर रद्दच झाला, आणि तू घरभर नाचलास. कलबुर्गी म्हणजे आपल्या शेजारचंच, देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मार्चमध्ये तिथला. तरी सोलापुरात १२ एप्रिलपर्यंत एकही पेशंट नव्हता. लोक म्हणायचे, सिद्धरामेश्वराची कृपा. १२ तारखेला पाच्छा पेठेतला पहिला पेशंट निघाला आणि मग रोज आकडे. पूर्व भागात गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकायला लागले. आजी आणि तुझे काका दत्तनगरच्या जुन्या घरात होते.

आमचं काम मार्चमध्येच थांबलं होतं. पान नाही, तंबाखू नाही, तर हात काय वळणार? सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यात शेजारच्या अक्काची मांजर निजायची. पप्पांचा यंत्रमागही बंद. रेशनचा तांदूळ होता म्हणून निभावलं.

मे महिन्यात सरकारनं नवी यादी काढली. २२ मेपासून सोलापूर महापालिका रेड झोन, बाकी जिल्हा नॉन-रेड. म्हणजे शहरात पहिल्यासारखंच बंद, आणि आपल्याकडं दुकानं सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडी. एका रात्रीत आपण गावाकडचे झालो, आणि खरं सांगते, आम्हाला त्याचा आनंदही झाला. पण चार दिवसांत शहरातली माणसं इकडं यायला लागली. कुणी चप्पल घ्यायला, कुणी मोबाईल दुरुस्तीला, कुणी नुसतंच मोकळा श्वास घ्यायला. आपल्या लोकांच्या पोटात गोळा आला. आणि गंमत बघ, आम्हीच रोज चौकशी करत होतो की शहरातला कारखाना कधी उघडणार, आम्हाला तिकडं कधी जाऊ देणार. आम्हाला तिकडं जाऊ द्यावं, तिकडच्यांनी इकडं येऊ नये, असं आमचं म्हणणं. तेव्हा ते विचित्र वाटलं नाही.

माझ्या आधारवर तर अजूनही दत्तनगरचाच पत्ता आहे, तू किती वेळा म्हणालास बदल म्हणून. त्या दिवसांत आजीच्या साखरेच्या गोळ्या द्यायला मी अक्कलकोट रस्त्यावरच्या नाक्यापर्यंत गेले, तर पोलीस आधार बघून म्हणाला, "तुम्ही शहरातल्याच की, जावा आत, पण परत येऊ नका." गोळ्या काकांच्या हातात दोरीवरून दिल्या आणि परत फिरले, तर इकडं आपल्याच कोपऱ्यावर पोरांनी विचारलं, "काकू, पत्ता कुठला?" अडवलं नाही, ओळखीची होते. पण विचारलं.

कोपऱ्यावर रस्ता अडवायला लावलेला तो बांबू तुम्ही पोरांनीच बांधला होता. अकरावीचं काही ठरत नव्हतं, घरात बसून बसून तुमचं डोकं फिरलं होतं, आणि कुणीतरी तुम्हाला काम दिलं. गळ्यात शिट्टी, हातात सॅनिटायझरची बाटली. तू आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर उठायला लागलास. मला कौतुकच वाटायचं.

मेच्या शेवटी दुपारी आजी आली. तिच्या गल्लीला पत्रे ठोकणार हे कळल्यावर ती पहाटेच निघाली होती. भाजीच्या टेम्पोनं तिला रस्त्यात सोडलं, पुढचं उन्हात चालत. काखेत कापडी पिशवी, डोक्यावर ओला टॉवेल. तू सोळा वर्षांचा, बांबूच्या अलीकडं. ती पलीकडं. तू म्हणालास, "आजी, शहरातून आलेल्याला घेत नाहीत. चौदा दिवस शाळेत राहावं लागंल." बाकीची पोरं तुझ्याकडं बघत होती, हा आपल्या घरच्यांना सोडतो की काय म्हणून. ती काही बोलली नाही. लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. तू तिला लांबून पाण्याची बाटली सरकवलीस. एवढं तुला माहीत आहे, आणि एवढंच तू इतकी वर्षं मनात घेऊन बसलास.

आता तुला माहीत नाही ते. मी तिथंच होते, पाण्याच्या टाकीमागं. शेजारच्या अक्कानं येऊन सांगितलं होतं, तुमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुझी आजी, आल्यात, म्हणून मी धावत निघाले, आणि टाकीपाशी येऊन थांबले. पुढं जाईनाच. पप्पांना दमा. घरात एकच खोली मोठी. शेजारणी काय म्हणतील. आणि आत्याबाईंच्या गल्लीत आदल्याच आठवड्यात दोघं दवाखान्यात गेले होते. मी मनात म्हणत होते, पोरगं अडवतंय तर अडवू दे, मला तरी नाही म्हणावं लागणार नाही. अर्धा तास तरी उभी असेन. माझ्या वाटचं "नाही" तू म्हणालास, सोळा वर्षांच्या पोरानं, आणि मी तुला म्हणू दिलं.

शेवटी गेले तेव्हा आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मी म्हणाले, शाळेत राहता का, डबा मी देईन. त्या म्हणाल्या, "नको, मी आपली माझ्या घरात बरी." परत जाणारा एक टेम्पो होता, त्यात बसल्या. पुढं महिनाभर त्या पत्र्याआड होत्या. काकांनी काळजी घेतली, काही झालं नाही, ही त्यांची ताकद आणि आपलं नशीब.

जुलैमध्ये १६ तारखेपासून दहा दिवस शहरासोबत आसपासची गावंही बंद केली, तेव्हा अक्का हसून म्हणाली, आता झालो सगळे सारखे. तिची मुलगी इंडीला दिलीय. मेमध्येच कर्नाटकनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना बंदी केली, म्हणजे तिच्या लेकीसाठी भीमाच हद्द झाली. पुढच्या फेब्रुवारीत तर पुलापलीकडं जायला आरटीपीसीआरचा रिपोर्ट लागायला लागला. एका कुटुंबाला किती रेघा! तुमचा बांबू पहिल्या पावसात कुजला, कुणी काढलाही नाही.

आजी आपल्याकडं राहायला आली २०२१ च्या दिवाळीनंतर, आणि जाईपर्यंत इथंच राहिली, ते तू बघितलंस. तुला ती रागावली होती का? एकदा, तू पुण्याला गेल्यावर, मी तिचे पाय चेपत होते. म्हणाली, "पोरगं नेमाला धरून होतं गं त्या दिवशी. हात थरथरत होता त्याचा, बाटली सरकवताना." मी गप्प. मग म्हणाली, "आणि तू टाकीमागं उभी होतीस. हिरवं पातळ दिसत होतं." मी हात थांबवला. ती म्हणाली, "चेप की, का थांबलीस?" एवढंच. त्यावर ना ती पुन्हा बोलली, ना मी.

त्या पिशवीत तिनं तुझ्यासाठी शेंगाचटणी आणली होती, खलबत्त्यात कुटलेली. जाताना बांबूजवळच्या दगडावर ठेवून गेली. मी ती दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली आणि डब्यात भरताना तुला सांगितलं, दुकानातून आणली. तू भाकरीबरोबर खाल्लीस आणि म्हणालास, दुकानातली असून आजीच्या हातासारखी झालीय.

दिवाळीला ये. आधारचा पत्ता तेव्हा बदलू, तूच बरोबर चल, मला तिथलं मशीन कळत नाही.

तुझी,
आई