प्रेशर म्हणजे नक्की काय?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली टीव्हीवर कुठलीही मॅच लावा, दर दोन ओव्हरला 'प्रेशर' ऐकायला येतंच, आणि मला दर वेळी कीथ मिलर आठवतो. ऑस्ट्रेलियाचा हा ऑलराउंडर दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर होता, इंग्लंडमधून मॉस्किटो विमानं उडवायचा. पुढे त्याला प्रेशरबद्दल विचारलं तर म्हणे, पाठीमागे मेसरश्मिट (जर्मनांचं लढाऊ विमान) लागलेलं असणं म्हणजे प्रेशर, क्रिकेट नाही (त्याचे मूळ शब्द इथे छापण्यासारखे नाहीत 😄).

पठ्ठ्याचं नावच मुळी विमानवाल्यांवरून ठेवलेलं. १९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने निघाले होते तेव्हाच हा जन्मला, म्हणून कीथ रॉस मिलर. आणि बीथोवेनचा एवढा नाद की एका मोहिमेवरून परतताना त्याचं जन्मगाव बॉन बघायला विमान वळवलं असं सांगतात, खरंखोटं तोच जाणे.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर १८५ ठोकले, त्यात सात सिक्स! आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सैन्यदलांच्या सर्व्हिसेस टीमबरोबर तो आपल्याकडे आला होता, मुंबईत ब्रेबॉर्नवरही खेळला, आपला कॅप्टन विजय मर्चंट, आणि ती सिरीज आपण मद्रासची मॅच मारून १-० जिंकलो. हे किती जणांना माहितीये? तुमच्या क्रीडा पानावर त्या दौऱ्यावर एखादा मोठा लेख द्या ना, आयपीएलच्या लिलावातून जागा उरली तर.

एक जुना वाचक, ठाणे