रस-अलंकार डफावर शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी नववीत शिकते. गेल्या महिन्यात तिची मराठीची चाचणी झाली. मुलाच्या लग्नाची गडबड बाजूला ठेवून तानाजी मालुसरे कोंढाण्याची कामगिरी मागून घेतात, असा उतारा दिला होता आणि खाली प्रश्न होता : रस ओळखा व कारण लिहा. तिनं लिहिलं, 'वीररस, कारण यात युद्ध आहे.' पूर्ण गुण मिळाले.

पेपर बघून मी विचारलं, "यात युद्ध कुठं आहे गं?" तिनं उतारा पुन्हा वाचला. त्यात तलवार नव्हती, शत्रूही नव्हता. पोराच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला एक बाप होता. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, "पप्पा, मग याला वीररस का म्हणायचं? गाईडमध्ये तर असंच दिलंय."

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं. माझे वडील शाहिराच्या मागं झील धरायचे, म्हणजे त्याच्या ओळीचा शेवट सुरात उचलून धरायचे, आणि बारा वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या बाजूला तुणतुणं घेऊन उभा राहिलो. वीर, रौद्र, करुण ही नावं मला पुढं शाळेत कळली, फरक मात्र आधीच कानात बसला होता. 'आधी लगीन कोंढाण्याचं' हे आमचे शाहीर कधी ओरडून म्हणत नसत. मान वर, आवाज मोकळा आणि डफावर भरदार थाप. पुढं तानाजी पडतात, शेलारमामा गडाच्या किल्लेदारावर, उदेभानावर तुटून पडतो, तिथं चाल बदलायची, शब्द दातांत चावल्यासारखे यायचे. आणि गड हाती आला की डफ एकदम थांबायचा, नुसतं तुणतुणं वाजत राहायचं. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. एकाच पोवाड्यात वीर, रौद्र आणि करुण, तिन्ही वेगळे कळायचे.

वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, उत्साह आणि रौद्राचा क्रोध, हे गाईडमध्येही छापलेलं आहे. पण उत्साह म्हणजे काय? पहाटे गाडी खाली करायला लागताना आम्ही एकमेकांना जो आवाज देतो, त्यात राग नसतो. अवघड काम अंगावर घेतानाची ती उभारी असते. शास्त्रात दानवीर आणि दयावीरही सांगितलेत. कवचकुंडलं काढून देणारा कर्ण वीररसाचाच, तिथं कुठलं युद्ध? हे सांगितल्यावर मुलीनं स्वतःहून वहीत 'कारण' खोडून नवं लिहिलं.

त्याच रात्री माळ्यावरचा डफ काढला. पावसाळ्यानं कातडं सैल पडलं होतं, म्हणून गॅसच्या बारीक आचेवर शेकला. 'ओज' (जोर) आणि 'माधुर्य' (गोडवा) हे काव्याचे गुण तिला व्याख्येनं कळत नव्हते, म्हणून मी एक ओळ जुळवली : 'कडा चढला, गडी भिडला, गड जोडला रायानं.' मग त्याच चालीत दुसरी : 'रान फुललं, मन भुललं, पान हललं वाऱ्यानं.' तिला म्हटलं, आता तू वाजव. पहिल्या ओळीला तिची थाप आपोआप जोरात पडली, दुसरीला बोटं हलकी झाली. ती थांबली आणि पहिल्या ओळीतले ड, ढ बोटांवर मोजायला लागली. कठोर वर्णांनी ओज येतं, मृदू वर्णांनी माधुर्य, हे मला सांगावं लागलंच नाही. अनुप्रास आणि यमक तर तिनंच दाखवले.

अतिशयोक्ती हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यशवंती घोरपडीवरून दोन दिवस भांडण चाललं होतं. एक म्हणे खरी, दुसरा म्हणे थाप, आणि मग एकमेकांच्या निष्ठेवर घसरले. घोरपडीला दोर बांधल्याची कथा बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. पण ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढून गेले, ती गोष्ट त्यामुळं तसूभर कमी होत नाही. शाहीर जमलेल्या माणसांच्या अंगावर काटा आणायला उभा असतो, अतिशयोक्ती हा त्याचा हक्काचा अलंकार आहे. ज्याला हा शब्द नीट कळला, तो फसतही नाही आणि चिडतही नाही.

हे शिकवणं नवं नाही. कवी भूषणानं १६७३ च्या सुमारास 'शिवराजभूषण' लिहिलं, तो मुळात अलंकारांचा ग्रंथ. लक्षण सांगायचं आणि उदाहरण शिवरायांच्या पराक्रमाचं द्यायचं. शिवजयंतीला लाउडस्पीकरवर त्याचा जो छंद लागतो, त्यात एकापाठोपाठ एक उपमा येतात : रावणावर राम, कंसावर कृष्ण, हरणांच्या कळपावर चित्ता, अंधारावर उजेड. याला मालोपमा म्हणतात. आमच्या सेक्टरमधल्या पोरांना तो छंद तोंडपाठ आहे, पण ही माळ आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

म्हणून माझी शाळांना, नवी मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि १८९३ पासून उभ्या असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला विनंती आहे. रस-अलंकाराचा धडा असेल त्या आठवड्यात दोन तास शाहिराला वर्गात बोलवा. त्यानं गावं, शिक्षकांनी मध्ये थांबवून विचारावं : आता कुठला रस, चाल का बदलली? जोडीला चौक (पोवाड्याचा एक भाग), झील, कटाव (भरभर म्हणायची यमकांची रचना) हे पोवाड्याचे स्वतःचे शब्दही मुलांना कळू द्या. परीक्षेत उत्प्रेक्षा विचारतात, झील कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मानधनाची अडचण असेल तर मी स्वतः यायला तयार आहे. डफ शेकलेला आहे. माझा जुना झीलकरी घणसोलीत राहतो, सुट्टीच्या दिवशी तोही येईल. मुलीनं तुणतुणं धरायला सुरुवात केली आहे.

आपला,
एक माथाडी कामगार, कोपरखैरणे