ब्रेस किती तास घातला, ते सेन्सर सांगेल

स.न.वि.वि.

स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकतो त्या आजारात, वाढत्या वयातल्या मुलींना ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) देतात आणि मग घरोघरी रोजची कटकट, घातलास का, किती वेळ घातलास. २०१३ला अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास आला, त्यात ब्रेसमध्येच टेंपरेचर सेन्सर होता, अंगाची ऊब लागली की तास मोजले जायचे. सांगितलेले रोज १८ तास, पण ज्यांनी साधारण १३ तास तरी घातला त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त जणांचा बाक ५० अंशांपर्यंत गेलाच नाही! आपल्याकडेही प्रत्येक ब्रेसमध्ये हा सेन्सर द्यायलाच हवा. फक्त तो पोरीवर पाळत ठेवायला नको, मे महिन्यात घामाने आतला बनियन चिकटतो, वाकून दप्तरातली वही काढता येत नाही, तिचे तास आधी तिलाच दाखवा.

– एक पालक, पुणे