आमच्या गिरणीवाल्या दादांस

दादा, स.न.वि.वि.

घावनं चांगली झाली की कौतुक तव्याचं होतं, नाहीतर हाताचं. दळणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत. रोज उठून पोहे-उपमा नको म्हणून वाडीत न्याहारीचे जे नवे प्रकार सुरू झाले, ते तुम्ही गिरणीत उभ्याउभ्या सांगितलेल्या चार गोष्टींवर चाललेत. दुसऱ्यांनाही करून बघता यावं म्हणून मापं देतो.

पहिले आभार ओलसर दळण परत पाठवल्याबद्दल! धुतलेले तांदूळ वरून सुके दिसतात, आत ओल असते. तुम्ही डब्यातले दोन दाणे दाताखाली धरता. कटकन तुटले तर दळण रांगेत, दबले तर डबा घरी. त्या वेळी राग येतो खरा, पण ओले तांदूळ दगडाला बसतात, पीठ गुठळ्या होऊन पडतं आणि थोड्याच दिवसांत त्याला कुबट वास येतो. श्रावणात ऊन नसलं तर तांदूळ सुती कापडावर पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायचे आणि सकाळी कढईत मंद आचेवर फक्त गरम करायचे. रंग बदलू द्यायचा नाही. दळून आणलेलं पीठही पूर्ण निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. झाकणाला घाम येतो आणि तोच पिठात पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कशाला किती बारीक दळायचं ते. घावनाला अगदी बारीक. आंबोळीला चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, आणि दळण बोटांना कण लागेल इतकं जाडसर. सांदणाला तर पीठ चालतच नाही, रवाच हवा. हे कळलं आणि सांदण फणसापुरतं उरलं नाही.

बरक्या फणसाचं गोड सांदण सगळ्यांना माहीत आहे. भाद्रपदात फणस नसतो, पण तवसं म्हणजे मोठी काकडी असते आणि परड्यात हळदीची पानंही असतात. म्हणून आता तिखट सांदण होतं. एक वाटी तांदळाचा रवा कोरडाच थोडा परतून घ्यायचा. त्यात दीड वाटी तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, इंचभर आलं आणि मीठ. अर्धा तास भिजवायचं. रवा फुगून मिश्रण पळीतून जाड पडायला हवं. घट्ट वाटलं तर नारळाचं पातळ दूध घालावं. हळदीच्या पानावर बोटाएवढा जाड थर पसरून पान दुमडायचं आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवायचं. उघडायची घाई नको, गरम असताना पानाला चिकटतं. पाच मिनिटं थांबलं की सुटून येतं. तवसं जून असेल तर बिया काढा आणि टोकं चाखून बघा, एक कडू निघालं की सगळं गेलं. रव्याऐवजी पीठ वापरलं तर मात्र पानात चिकट गोळा बसतो, त्याला इलाज नाही.

कुळथाची पिठी घरोघर असते, पण कुळथाचं घावन तुमच्या भरडण्यामुळे जमलं. कुळीथ मंद भाजायचे, तुम्ही आधी नुसते भरडून देता, टरफल पाखडायचं आणि मग बारीक दळायचं. टरफल राहिलं तर घशाला खरखरतं. तीन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी कुळीथ पीठ. त्यात ठेचलेली लसूण, मिरची, मीठ, आणि पाणी ताकाइतकं पातळ होईपर्यंत. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. कुळीथ पाणी पितो, तेव्हा अर्धी वाटी आणखी लागतं. बिडाचा तवा कडक तापवून नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं. पीठ कडेकडून मध्याकडे ओतायचं, आणि दर वेळी आधी तळापासून ढवळायचं, कारण जड पीठ खाली बसतं. न ढवळता घातलं तर पहिली घावनं पाणचट होतात आणि शेवटची जाडजूड. जाळी पडली नाही तर तवा थंड आहे किंवा पीठ घट्ट. सोडा घालू नये. सोडा घालून जाळी आणली तर ते घावन राहत नाही.

नाचणीचं थोडक्यात: नुसत्या नाचणीचं घावन उलटताना फाटतं, दोन वाट्यांना एक वाटी तांदळाचं पीठ लागतंच.

तिसरी गोष्ट दळणाच्या क्रमाची. पांढरं आधी, नाचणी-कुळीथ शेवटी, हा तुमचा नियम आम्हाला जाचक वाटायचा. पण नाचणीमागून दळलेलं पीठ चतुर्थीच्या मोदकाला नेलं की पारी काळपट दिसते, आणि मग बोलणी कुणाला बसतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. दगडांना टाकी लावल्यावर, म्हणजे छिन्नीने ठोकून ते खरखरीत केल्यावर, पहिलं दळण तुम्ही कुणाच्या पोटात जाऊ देत नाही, त्याबद्दलही आभार. ती कचकच नंतर चाळून जात नाही.

आणि चौथी गोष्ट आठळ्यांची, म्हणजे फणसाच्या बियांची. त्या दळायला आणल्या तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, उलट कशा आणायच्या ते सांगितलंत. उकडून, वरचं पांढरं साल काढून, पातळ काप करून मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या. काप वाकला तर ओला, मोडला तर तयार. चार वाट्या थालीपिठाच्या भाजणीत एक वाटी हे पीठ घातलं की खुसखुशीतपणा येतो. वाटीभरापेक्षा जास्त घातलं तर थालीपीठ गार झाल्यावर कडक होतं. पाऊस लवकर आला तर यंदाच्या आठळ्या वाळूत पुरून भाजीलाच ठेवू, गिरणीत आणणार नाही.

आठळ्यांनंतर दगड साफ करायला तुम्ही मूठभर तांदूळ घालता, ते दर वेळी तुमच्या डब्यातले असतात. या मे महिन्यापासून तेवढे तांदूळ आम्ही वेगळ्या पिशवीत बांधून आणू. तेच घाला.

तुमच्याकडे दळण टाकणाऱ्या,
आम्ही सगळ्या