आधी होडीची मापं, मग ट्रेलर

ऑकलंड, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

पावसाळ्यासाठी १ जूनच्या आत होडी वर घ्यायला आता आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर वीस माणसं जमत नाहीत, म्हणून गाडीमागे जोडायचा ट्रेलर करून घेतोयस, हे वाचलं. आपल्या लहानपणी ओंडक्यांवरून होडी ओढायला अख्खी वाडी यायची. वाईट वाटलं, पण तुझा निर्णय बरोबर आहे. फक्त वेल्डिंगवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी हे पत्र नीट वाच.

पाण्यात होडीच्या तळाला सगळीकडून सारखा आधार असतो. रेतीवरही ती बऱ्यापैकी पसरून बसते. ट्रेलरवर मात्र तिचा सगळा भार दोन फळ्यांवर आणि चार रबरी रोलरवर येतो. त्या चुकीच्या जागी असल्या, की होडी उभ्या उभ्या खराब होते.

माझी होडी पाच मीटरची. ट्रेलर जुना घेतला, दुसऱ्याच कुठल्यातरी होडीसाठी बनवलेला. कार्पेट मारलेल्या फळ्या वीस सेंटिमीटर आखूड पडत होत्या, म्हणजे इंजिनाची बाजू अधांतरी. इंजिन एकट्याचं १२० किलो, आणि मागेच पेट्रोलची टाकी. असं वर्षभर ठेवलं असतं तर फायबरचा तळ मागच्या बाजूला वाकला असता. तसा तळ वाकला की होडी पाण्यावर उचलत नाही, नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबते.

ते कळायच्या आधी दुसरंच कळलं. ट्रेलर जोडून रस्त्याला लागलो आणि ताशी ८० ला तो मागून साप वळवळावा तसा हलायला लागला. बायको शेजारी बसलेली, तिचा चेहरा अजून आठवतो. ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, हळूहळू वेग उतरला, वाचलो. घरी येऊन ट्रेलरचं पुढचं टोक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवलं. होडीसकट सगळं मिळून ८७० किलो, आणि गाडीच्या हुकावर येत होते जेमतेम ३०. इथे एकूण वजनाचा साधारण पाच ते दहा टक्के भार पुढे असावा असं धरतात. मागे जड झालं की शेपूट नाचतं.

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच निघालं. विंच म्हणजे होडी ट्रेलरवर ओढून घ्यायचं पुढचं चक्र. त्याचा खांब यू-बोल्टवर होता, तो सैल करून वीस सेंटिमीटर पुढे सरकवला. होडी पुढे गेली, इंजिनाची बाजू फळ्यांवर बसली आणि काट्यावर ६० किलो आले. खांब वेल्ड केलेला असता तर कटर घेऊन बसावं लागलं असतं. म्हणून हात जोडून सांगतो, विंचचा खांब, फळ्यांचे पाय, शक्य असेल तर अ‍ॅक्सलसुद्धा, काहीही कायमचं वेल्ड करू देऊ नकोस. सगळं नट-बोल्टवर ठेव.

चढवायचं तंत्र हातात बसायला मला महिना लागला. इथल्या हाफ मून बेच्या, होड्या उतरवायच्या उतारावर मी पहिल्यांदा ट्रेलर फार खोल घातला. होडी फळ्यांवर तरंगतच राहिली आणि वर ओढल्यावर तिरकी टेकली. आता चाकांवरचे पत्रे बुडतील न बुडतील इतकाच घालतो, नाळ रोलरवर आणतो आणि उरलेली होडी विंचने ओढतो. विंचचा पट्टा सरळ ओढला जायला हवा. तो खाली-वर तिरका असला की नाळेची कडी उपटायला बघतो. विंचच्या भरवशावर गाडी हाकू नकोस, मागे दोन पट्टे बांधच. पाण्याबाहेर आल्यावर आधी होडीच्या तळाचं बूच काढायचं. आत साचलेलं पाणीही वजनच असतं.

चाकांच्या बेअरिंगची काळजी मात्र आईने लेकराची घ्यावी तशी घे. रस्त्याने येऊन तापलेलं बेअरिंग लगेच थंड पाण्यात बुडवलं, की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं.

तुला एक अडचण जास्तीची आहे, ती रेतीची. अरुंद टायर दांडीच्या रेतीत रुततील. रुंद टायर घे आणि रेतीत उतरताना हवा थोडी कमी कर.

आता उद्या सकाळी टेप घेऊन जा. होडीची लांबी, मागच्या पाटीची, म्हणजे इंजिन बसतं त्या फळीची, रुंदी, नाळेच्या कडीची तळापासूनची उंची आणि इंजिनाचं वजन एवढं मोजून पाठव. तळाचा आकार मागून, मधून आणि पुढून पुठ्ठ्यावर कापून त्याचे फोटोही पाठव. फळ्या कुठे याव्यात ते मी काढून देतो, तोवर आगाऊ पैसे खिशातच राहू देत.

काकूंना नमस्कार सांग. नारळी पौर्णिमेला येतोय, तेव्हा तुझी होडी आपण दोघंच उतरवू.

तुझाच,
दांडीवरचा सोबती