बाबा, ती गोळी आपल्या मनाने सोडू नका

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "चार दिवस झाले ती छातीची गोळी सोडली, काही झालं नाही की!" रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर दोघंही नुसतं "बरं बरं" म्हणता, म्हणून लिहून व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, ती गोळी ॲमिओडॅरोन, हृदयाचे ठोके लयीत ठेवणारी. ती बाकीच्या गोळ्यांसारखी एका रात्रीत उतरत नाही. चरबीत, यकृतात, फुप्फुसात मुरून बसते, आणि अंगातला तिचा साठा निम्मा व्हायलाच कितीतरी आठवडे जातात, कुणाकुणाला दोन महिनेही. चार दिवस तुम्हाला सांभाळलं ते त्या साठ्यानं. तो सरत आला की ठोके परत बिघडू शकतात, आणि तेव्हा तुम्ही शिवारात एकटे असाल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच. पण इथं चार दिवस गेलेत, तेव्हा पुढं काय करायचं ते मिरजेच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

त्यांना खोकल्याचंही सांगा. आई म्हणाली, पंधरा दिवस कोरडा खोकला आहे, आणि तुम्ही म्हणता सुगी आहे, मळणीची धूळ. असेलही. पण ह्या गोळीनं थोड्या लोकांच्या फुप्फुसाला सूज येते, ती अशीच सुरू होते. आधी कोरडा खोकला, मग चढावर दम. वेळेत कळलं तर इलाज आहे; उशीर झाला तर फुप्फुसाचं गेलेलं परत येत नाही. देवळाच्या पायऱ्यांवर मध्येच टेकावं लागतं का? आमच्यापासून लपवू नका. धूळ की गोळी, ते छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरच सांगतील.

दिवाळीत मी बाबांचा गोळ्यांचा डबा उघडला होता. आईनं कात्रीनं एकेक गोळी कापून ठेवलेली. एका तुकड्यावर नुसतं "रोन", तारीख कुठंच नाही. आई, तुझा नीटनेटकेपणा मला माहीत आहे, पण पट्टी अख्खी राहू दे आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना पिशवीत घे. पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तापासाठी ॲझिथ्रोमायसिन हे जंतुनाशक औषध दिलं. आधीचं औषध कोणतं ते त्यांनी विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. ही दोन्ही एकत्र आली की ठोक्यांची लय आणखी बिघडू शकते. तेव्हा निभावलं, पण आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

रक्त पातळ करायच्या वॉरफरिनचा जोरही ह्या गोळीनं वाढतो. म्हणून आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते बघायची, तपासणी चुकवू नका. सकाळी दात घासताना फेस गुलाबी दिसला, अंगावर काळेनिळे डाग उठले, शौचाला काळी झाली, तर त्याच दिवशी कळवायचं.

थायरॉईडचं मात्र पटकन लक्षात येत नाही. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि शरीराला दिवसाला लागतं ०.१५. त्यानं थायरॉईड मंद पडतं किंवा उसळतं. मग माणूस सुस्तावतो, थंडी सोसत नाही, किंवा उलट वजन उतरतं, हात कापतात. आपण म्हणतो, वय झालं. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉईडची आणि यकृताची रक्ततपासणी. दिव्याभोवती वलयं दिसली, नजर अंधुक झाली, तर डोळेही दाखवायचे.

आणि बाबा, मानेवर कातडी भाजल्यासारखी झाली आहे ती नुसत्या उन्हानं नाही, ह्या गोळीनं ऊन जास्त लागतं. भात कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, मानेवर पंचा असू द्या.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी निघते. शनिवारी तिघं मिळून मिरजेला जाऊ. त्याआधी दम वाढला, चक्कर आली, तर माझी वाट बघत बसू नका, गाडी करून सरळ बेळगावला मोठ्या दवाखान्यात जा. आई, जुने ईसीजी आणि रिपोर्ट कपाटातून काढून ठेव.

तुमची,
धाकटी