बॉल पायथन जेवत नाही म्हणून

नागपूर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

नवा बॉल पायथन आल्यापासून काहीच खात नाही आणि तू रात्री उशिरापर्यंत त्याच्या काचेसमोर बसून असतेस, असं आईकडून कळलं. पोरी, आधी तिथून उठ. तुझ्या डोळ्यांसमोर तो खाणार नाही.

हा आफ्रिकेतला, दिवसा बिळात नाहीतर वारुळात दडणारा साप. भरल्या पोटी सापाला पळता येत नाही, म्हणून जिवाची धास्ती असली की तो गिळतच नाही. पकडलेली धामण घाबरून आधी गिळलेला उंदीर ओकून टाकते, हे तू लहानपणी माझ्यासोबत गोरेवाड्याकडे पाहिलं आहेस. तेच समज. आठवडाभर त्याला हात लावू नकोस. अंग भिंतींना टेकेल अशा दोन घट्ट लपणी ठेव, एक उबेकडे, एक गारव्याकडे. उबेकडे ३१-३२ अंश, गारव्याकडे २५-२६. हातानं अंदाज घेऊ नकोस, थर्मामीटर लाव. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही.

ज्याच्याकडून आणलास त्याला विचार, तिथे तो काय खायचा? लहान जातीचा उंदीर (माउस) की मोठ्या जातीचा (रॅट), जिवंत की गोठवलेला? सुरुवात त्याच जातीपासून कर, पण गोठवलेल्यानंच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये सैल होऊ दे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्ह नको. पायथनच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते, त्यामुळे उंदीर ३८-४० अंशांपर्यंत कोमट हवा, डोकं जरा जास्तच. आकार सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा. दिवे मालवल्यावर लांब चिमट्यानं लपणीच्या तोंडाशी हळूच हलव. साप अंगाचा गोळा करून बसला तर उंदीर तिथेच ठेवून झोपायला जा. सकाळी तसाच असेल तर काढून टाक आणि पुन्हा आठवडा थांब. रोज रोज पुढे करशील तर तो अजूनच बिथरेल. जिवंत उंदीर सोडू नकोस, तो सापालाच कुरतडतो.

आजी विचारते, दूध देऊन पाहिलंस का? नागपंचमीच्या टोपलीतला नाग दूध पितो तो तहानेनं, त्याला पाणीच दिलेलं नसतं. तू ताज्या पाण्याचं भांडं ठेव.

डोळे निळसर झाले असतील तर तो कात टाकणार आहे, तेव्हा खाण्याचा विषयच काढू नकोस. अंगानं भरलेला मोठा पायथन महिनोन्महिने न खाता राहतो. तुझा लहान आहे, म्हणून दर आठवड्याला वजन कर. वजन दहा टक्क्यांनी घटलं, तोंडाशी फेस आला किंवा श्वासाला शिट्टी लागली, तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे लगेच ने. जबरदस्तीनं भरवणं हे त्यांचं काम, तुझं नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत; मी आयुष्यभर ते घरांतून काढून रानात सोडत आलो. तू परदेशी साप पाळलास हे पटायला मला वेळ लागला. पण आता तो तुझ्या भरवशावर आहे आणि तो जगावा असं मलाही मनापासून वाटतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद राहिली असेल तर आजच कर. आणि रविवारी वजन घेतलंस की मला फोन कर.

तुझे,
बाबा